दवाखाना हा नुसता बहाणा होता का? धमतरीच्या मेनोनाइट इस्पितळाबद्दल

आदिवासी मुलखातली मिशनची इस्पितळं इंग्रज सरकारने धर्मांतरासाठी उभी केली, औषधाच्या बदल्यात भोळ्या आदिवासींना बाटवलं, सगळा कारभार परदेशी पैशावर चालला आणि आता तर त्यांची गरजही उरलेली नाही, असा मजकूर व्हॉट्सॲप-फेसबुकवर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय हाच. विदर्भातल्या वाचकाला तो चटकन पटतो, कारण छत्तीसगढ १९५६पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होतं आणि मिशनांवरचा नियोगी समितीचा अहवालही नागपुरातूनच निघाला.

सगळ्या मिशनांना एकच माप लावणारी विधानं तपासायची तर एखादं खरं ठिकाण समोर ठेवावं लागतं. मी धमतरी घेतो. रायपूरच्या दक्षिणेला, जगदलपूरच्या रस्त्यावर ऐंशीएक किलोमीटरवर हे गाव आहे. भाताचा मुलूख, तांदळाच्या गिरण्या, शेजारून महानदी. गावाच्या दक्षिणेला नगरी-सिहावाचं जंगल लागतं, महानदीचा उगम तिथलाच. त्या जंगलात गोंड, हलबा आणि कमार राहतात. २०११च्या जनगणनेत धमतरी जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे २६ टक्के होतं. इथे अमेरिकेतल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी चालवलेलं ख्रिश्चन इस्पितळ १९१०पासूनचं आहे.

पहिला मुद्दा, इंग्रजांनी पाठवलं हा. मेनोनाइट पंथाची मुळं १५२५च्या झुरिचमध्ये आहेत. तान्ह्या बाळाला पाण्याखाली धरून कुणी ख्रिस्ती होत नाही, जाणत्या वयात स्वतः ठरवूनच बाप्तिस्मा घ्यायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तेवढ्यावरून १५२७ साली फेलिक्स मान्झला झुरिचच्या नगरसभेने लिम्माट नदीत बुडवून मारलं. पुढे पिढ्यान्‌पिढ्या हे लोक स्वित्झर्लंड, हॉलंड, प्रशिया, रशिया, अमेरिका असे परागंदा होत राहिले. शस्त्र उचलायचं नाही हा त्यांचा नेम. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या मेनोनाइट तरुणांनी बंदूक धरायला नकार दिला आणि त्यांतले कित्येक तुरुंगात गेले. साम्राज्याने निवडून पाठवावेत असे हे लोक नव्हेत.

ते आले दुष्काळामुळे. १८९६-९७चा दुष्काळ मध्य प्रांताला भयंकर गेला. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट गावच्या मेनोनाइटांनी मदत समिती काढली, शेतकऱ्यांच्या चर्चमंडळ्यांतून धान्य आणि पैसा जमवला आणि वाटपासाठी जॉर्ज लॅम्बर्ट भारतात आले. त्यातून पुढे मिशन निघालं. १८९९च्या मार्चमध्ये जेकब रेस्लर आणि डॉ. विल्यम पेज व ॲलिस पेज हे दांपत्य मुंबईला उतरलं. वर्षअखेरीस त्यांनी धमतरी निवडलं, आणि लगेच त्यांच्यापुढे दुसरा दुष्काळ उभा राहिला, संवत १९५६चा म्हणून ‘छप्पन्न्या’ म्हणतात तो.

सरकारशी संबंध नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. दुष्काळी कामांची देखरेख सरकारने मिशनकडे दिली, मिशनच्या कुष्ठाश्रमाला सरकारी अनुदान मिळालं. पहिल्या महायुद्धानंतर सरकार परदेशी मिशनांकडून निष्ठेचं लेखी आश्वासन घेऊ लागलं. असं आश्वासन दिलेली संस्था स्वराज्याच्या बाजूने उघड उभी राहू शकत नव्हती. आणि हे त्याच धमतरीत, जिथे कंडेल गावच्या नहर (कालवा) सत्याग्रहामुळे १९२०च्या डिसेंबरात गांधीजी आले आणि जिथे त्या सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांत नारायणराव मेघावाले हा मराठी माणूस होता. मिशनने सरकारशी जुळवून घेतलं हा आक्षेप कुणी घेतला तर तो खरा आहे. सरकारने मिशनला जन्म दिला हे मात्र खोटं.

आता मुख्य आरोप: औषध हे आमिष, धर्म हा गळ. इथे साधा कालक्रम लावून पाहा. डॉ. पेज प्रकृती ढासळल्याने १९००मध्येच परत गेले. पुढचे नियमित डॉक्टर म्हणजे सी. डी. एश, ते १९१०ला आले आणि इस्पितळाची सुरुवात तिथून धरली जाते. म्हणजे पहिली दहा वर्षं मिशनपाशी म्हणावं असं इस्पितळच नव्हतं. आणि धमतरीच्या ख्रिस्ती मंडळीचा पाया तर त्याच दहा वर्षांत पडला. कुठून आले हे लोक? मुख्यतः दुष्काळात आईबाप गेलेली शेकडो मुलं आणि कुष्ठाश्रमातले रुग्ण. तापाची बाटली घ्यायला आलेला गोंड शेतकरी त्या यादीत फारसा सापडत नाही.

उलट इस्पितळाला शंभराहून अधिक वर्षं झाली, हजारो माणसं तिथे बरी होऊन, बाळंत होऊन घरी गेली, आणि २०११मध्ये धमतरी जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्याही आत होती. सबंध छत्तीसगढात ती १.९२ टक्के. आमिष एवढं जबरदस्त असतं तर हा आकडा असा दिसला नसता.

यावर छत्तीसगढच्याच उत्तरेकडच्या जशपूर जिल्ह्याचं उदाहरण पुढे येतं. तिथे ख्रिस्ती सुमारे २२ टक्के आहेत, हे बरोबर आहे. पण जशपूरची कथा शेजारच्या छोटानागपूरहून (आजचं झारखंड) येते आणि तिथे लोक मिशनकडे वळले ते जमिनीसाठी. १८८५च्या पुढे कॉन्स्टंट लिवेन्स हा जेझुइट पाद्री मुंडा-उरावांच्या बाजूने जमीनदारांविरुद्ध कोर्टाची कामं पाहू लागला आणि गावंच्या गावं त्याच्याकडे गेली. बेठबिगारी आणि खंडाच्या दाव्यात आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस आदिवासींना कधी मिळाला नव्हता. मोठ्या संख्येने धर्मांतर झालं त्या भागातही त्याची किल्ली औषधाच्या कपाटात नव्हती, कोर्टकचेरीत होती. हे ज्यांना खुपतं त्यांनी जमीनदारांचा इतिहास वाचावा.

नियोगी समितीबद्दल दोन शब्द, कारण हे सगळे मजकूर तिच्याच नावाने शपथ घेतात. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४मध्ये मध्य प्रदेश सरकारने ही समिती नेमली, १९५६ला अहवाल आला. शाळा, दवाखाने, अनाथालयं यांचा धर्मप्रसारासाठी वापर होतो असं तिने म्हटलं आणि वैद्यकीय सेवा थेट धर्मांतराचं साधन म्हणून वापरण्यावर कायद्याने बंदी घालावी अशी शिफारस केली. ही शिफारस मला चुकीची वाटत नाही. रुग्णाची असहायता कुणाच्याच धर्माच्या कामी येऊ नये. पण सेवेचा असा वापर करू नये असं सांगणं वेगळं आणि प्रत्येक इस्पितळाचा हेतूच तो होता असं ठरवणं वेगळं. दुसरी गोष्ट फिरत्या मजकुरांची आहे. आणि ज्या नियोगींचं नाव घेऊन आदिवासींना धर्म बदलण्याची अक्कल नाही असं सुचवलं जातं, त्यांनी स्वतः त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. जाणत्या माणसाने विचार करून धर्म निवडणं त्यांना मान्यच होतं.

‘भोळे आदिवासी’ हा शब्दप्रयोग मला या मजकुरातला सर्वांत अपमानकारक भाग वाटतो. सिहावाच्या बाजूचा माणूस आजारी पडला की आधी बैगा-गुनियाकडे, म्हणजे गावच्या वैदू-मांत्रिकाकडे जात असे, झाडपाला करून पाहत असे. बाई अडली, हाड मोडलं, अस्वलाने फाडलं की बैलगाडी जुंपून धमतरीचा रस्ता धरायचा, आणि बरं वाटलं की परत जाऊन देवाला कोंबडं द्यायचं. कुठल्या दुखण्याला कुठे जायचं हे त्याला नीट कळत होतं. पुण्या-मुंबईचा माणूसही डॉक्टर आणि नवस दोन्ही सांभाळतो, त्याला कुणी भोळा म्हणत नाही.

कुष्ठरोगाबद्दल मजकुरात एक ओळ हमखास असते: बाबा आमट्यांनी धर्म न बदलता सेवा केली, मिशनला ते जमलं नाही. आनंदवन आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची जागा आहे. पण तारखा पाहाव्यात. धमतरीचा कुष्ठाश्रम आणि महानदीच्या खोऱ्यातच हसदेव नदीकाठी चांपाला पी. ए. पेनर या दुसऱ्या मेनोनाइट मिशनऱ्याने काढलेला बेथेस्डा आश्रम, दोन्ही विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचे. मनोहर दिवाणांचं दत्तपूर १९३६चं, शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन १९४६चं, आनंदवन १९४९चं. मधली तीस-चाळीस वर्षं त्या मुलखात रुग्णाच्या जखमा कोण धूत होतं, हे विचारायला हवं.

ते काम काय होतं हे जवळून पाहिलं की ‘आमिष’ हा शब्द टिकत नाही. १९४०च्या दशकात डॅप्सोन हे औषध येईपर्यंत उपाय एकच, चालमोगऱ्याचं तेल. आपल्या कोकणातलं कडू कवठ त्याच कुळातलं, त्याच्या बियांचं तेलही हेच काम करायचं. पोटात घेतलं तर मळमळून उलटी व्हायची, म्हणून ते सुईने टोचायचे, आठवड्यामागून आठवडे. तेल दाट, सुई जाड, टोचलेल्या जागी गाठी यायच्या, कधी पिकायच्या. गुण येईल याची खात्री नाही. त्यापेक्षा उपयोगी होती ती पायाची निगा. बधिर पायाला जंगलातला काटा कळत नाही, निखारा कळत नाही. जखम आत हाडापर्यंत जाते. म्हणून रोज पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे खरवडून काढायचे, ओल्यावरच तेल लावायचं, भेगा पाहायच्या, पट्टी बदलायची. उद्या पुन्हा तेच. हे हात मुख्यतः इथल्याच माणसांचे होते: ड्रेसर, कंपाउंडर, परिचारिका, आणि कित्येकदा आधी रुग्ण म्हणून आलेले. ‘सगळा कारभार परदेशी’ हे विधान या माणसांना इतिहासातून पुसून टाकतं.

आश्रम म्हणजे स्वर्ग होता असंही नाही. १८९८च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबता येत असे. तो कायदा २०१६पर्यंत पुस्तकात होता. तेव्हाच्या कुष्ठाश्रमांत बायका आणि पुरुष वेगळे ठेवले जायचे.

पैशाचा मुद्दा. अमेरिकेतल्या मंडळ्यांची वर्गणी येत होती, ते कुणी लपवलं नाही. त्याच्या जोडीला सरकारी अनुदान होतं, आणि आणखी एक गोष्ट होती जी फिरत्या मजकुरात कधीच दिसत नाही: १९०६मध्ये मिशनने बालोदगहन हे गाव विकत घेतलं. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना जमिनीवर बसवायचं म्हणून. म्हणजे मिशन मालगुजार झालं. सेवा करणाराच खंड वसूल करणारा झाला की कुळाला ‘नाही’ म्हणण्याची किती मोकळीक उरते? अनाथालयात वाढलेल्या मुलाने अठराव्या वर्षी घेतलेला बाप्तिस्मा कितपत त्याची निवड? जाणत्या निवडीसाठी ज्यांच्या पूर्वजांनी जीव दिला त्या पंथाला हे प्रश्न सर्वांत जास्त लागू पडतात. निर्णय कितीतरी काळ गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाती राहिले, हाही प्रश्न आहेच. हे खरे आक्षेप आहेत. औषधाच्या बदल्यात बाटवल्याच्या गोष्टीने त्यांनाच झाकून टाकलं आहे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं अवघड होत गेलं. १९६३मध्ये भारतातल्या मेनोनाइट मंडळ्यांनी आपली सामाईक सेवासंस्था काढली आणि पुढे इस्पितळं भारतीयांच्या हाती आली. परदेशातून येणारा पैसा आटत गेला तसा भार रुग्णांच्या शुल्कावर पडत गेला. त्यामुळे आज गरीब आदिवासी रुग्णाची अडचण वेगळीच आहे, बिलाची.

राहिला शेवटचा दावा, आता गरज नाही. डिसेंबर २००५मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं जाहीर झालं, पण छत्तीसगढ त्यानंतरही कितीतरी वर्षं त्या रेषेच्या वरच राहिलं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार त्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आहे. सरकारच्याच ग्रामीण आरोग्य अहवालांत सामुदायिक केंद्रांमधल्या शल्यविशारदांच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बहुतेक जागा वर्षानुवर्षं रिकाम्या दिसतात. ही पोकळी कुणी भरली? गडचिरोलीत हेमलकसा आणि शोधग्राम, बिलासपूरजवळ गनियारीचं जन स्वास्थ्य सहयोग, आणि धमतरी-चांपासारखी जुनी मिशन इस्पितळं. यांतलं एकही सरकारी नाही. सिहावाच्या जंगलातल्या अडलेल्या बाईसाठी यांतलं कुठलं बंद करायचं, ते हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी नाव घेऊन सांगावं.