नळीला चिमटा लावून गळती थांबत नाही

कॅन्सरमुळे मामांचं मूत्राशय काढलं आणि आतड्याचा तुकडा वापरून लघवीला पोटावर वाट करून दिली. काही दिवसांनी ड्रेनमधून, म्हणजे पोटात साचलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून, लघवी येऊ लागली आणि मामींच्या फोनवर हा फॉरवर्ड येऊन धडकला: ‘लघवी गळली म्हणजे ऑपरेशन फसलं. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनी चालली. पाठीतून नळी घालू देऊ नका, किडनी कायमची जाते. पाणी तोडा, नळ्यांना चिमटा लावा. नाहीतर पोट पुन्हा उघडायला लावा.’ मामी खरोखरच चिमटा शोधत होत्या!

अहो, नळी बंद केली म्हणून किडनी लघवी करायची थांबते का? आत दाब वाढतो आणि किडनीकडून येणारी मूत्रनलिका आतड्याच्या तुकड्याला जोडलेली असते तो जोड जिथे कच्चा आहे तिथूनच लघवी पोटात उतरते. ड्रेन दाबला तर ती तिथेच साचते, जंतू धरते, आणि मग सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा जीवघेणा जंतुसंसर्ग. पाठीतल्या नळीचं, म्हणजे पीसीएनचं, काम याच्या नेमकं उलट आहे. लघवी किडनीतूनच परस्पर बाहेर काढायची, म्हणजे जोड कोरडा राहतो आणि भरून यायला सवड मिळते. जोडातून स्टेंट, म्हणजे आतली बारीक नळी, पार नेता आला तर आणखी बरं. हे सगळं सोनोग्राफी आणि एक्स-रेवर बघत होतं, बहुतेकदा फक्त जागा बधिर करून. पुढे डाय सोडून फोटो काढतात, गळती दिसली नाही की मगच नळी निघते.

पाणी तोडलं तर किडनीलाच मार बसतो. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून लघवीत टाकते तो टाकाऊ पदार्थ? पोटात साचलेली लघवी रक्तात परत शोषली जाते, त्यानेही ते वाढतं. ड्रेनमधल्या पाण्याचं क्रिएटिनिन रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं, तर ती लघवीच.

‘किडनी कायमची जाते’ हे कुठून आणलं? अमेरिकेच्या सोसायटी ऑफ इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांत पीसीएनचे धोके आकड्यांत दिलेत: रक्त चढवावं लागेल इतका रक्तस्राव 1 ते 4 टक्के, सेप्टिक शॉक 1 ते 3 टक्के, किडनीत पू असेल तर जास्त. धोका आहे, पण सरसकट किडनी घालवणारा नाही.

एक मान्य करावं लागेल. गळतीत किडनी बऱ्याचदा फुगलेली नसते, त्यामुळे सुई नेमकी घालणं अवघड जातं. जोड पूर्ण सुटला असेल किंवा आतड्याचा तुकडाच काळा पडला असेल, तर पोट उघडावंच लागतं. पण ते डॉक्टर सीटी बघून ठरवतील, फॉरवर्ड वाचून नव्हे. तुमच्या हॉस्पिटलात हे काम नेहमी करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट नसतील, तर जिथे आहेत तिथे पेशंट हलवता येईल का, हे आजच विचारा.