‘एक २१ म्हणजे दोन १८’ हा हिशेब चुकीचा आहे

डॉल्बीवाल्यांमध्ये एक मजकूर जोरात फिरतोय: ‘१८ इंचीचा जमाना संपला. एक २१ इंची दोन १८ना भारी पडतो. कोन मोठा, मॅग्नेट जड, वॅट जास्त, आणि बेस खोल.’ १८ आणि २१ ही बेसच्या स्पीकरची इंचांतली मापं. हे वाचून कुणी आपले धडधाकट बॉक्स मातीमोल भावात विकायला काढू नयेत, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासतो.

आधी कोन, म्हणजे स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा. बेस किती मिळणार हे शेवटी किती हवा हलते त्यावर ठरतं, म्हणजे कोनचं क्षेत्रफळ गुणिले तो पुढे-मागे किती जातो ते अंतर. बी अँड सी कंपनीचे दोन नावाजलेले ड्रायव्हर (बॉक्समध्ये बसवायचे सुटे स्पीकर) घ्या: १८ एसडब्ल्यू ११५ आणि २१ एसडब्ल्यू १५२. १८च्या कोनचं क्षेत्रफळ सुमारे १२०० चौरस सेंटिमीटर, २१चं सुमारे १६८०. एका बाजूची चाल साधारण १४ आणि १५ मिलिमीटर. म्हणजे एक १८ इंची जवळपास १.७ लिटर हवा ढकलतो, २१ इंची २.५ लिटर. एकास एक लावलं तर २१ साडेतीन डेसिबलने पुढे, यात वाद नाही. पण दोन १८ मिळून ३.४ लिटर ढकलतात, म्हणजे त्या एका २१ पेक्षा अडीच डेसिबल जास्तच. गाडीत जागा कमी असेल, उचलायला माणसं कमी असतील, तर २१ घेण्यात शहाणपण आहे. पण ते कारण जागेचं आहे, ताकदीचं नाही.

‘मॅग्नेट जड तो स्पीकर भारी’ हे तर सोडूनच द्यावं. निओडिमियमचा मॅग्नेट फेराइटपेक्षा कितीतरी हलका असूनही तेवढंच काम करतो. कॉइल (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) ज्या फटीत हलते तिथे चुंबकीय क्षेत्र किती आहे ते बघायचं, वजनकाटा नाही.

सगळ्यात जास्त फसगत वॅटच्या आकड्यात होते. एकाच स्पीकरला तीन आकडे असतात: एईएस, प्रोग्रॅम आणि पीक. एईएस (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी) या संस्थेच्या चाचणीत ड्रायव्हर दोन तास सलग वाजवतात आणि त्यात टिकला तो आकडा खरा धरायचा. प्रोग्रॅम त्याच्या दुप्पट लिहितात, पीक चौपट. म्हणून १५०० वॅटचाच स्पीकर कुणी ६००० वॅटचा म्हणून विकू शकतो. एकाचा पीक आणि दुसऱ्याचा एईएस शेजारी ठेवून केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही. शिवाय वॅट खरोखर दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल.

आणि ते वॅट जातात कुठे? या ड्रायव्हरांत शंभरातले दोन-चार वॅट आवाज होतात, बाकी सगळी कॉइलमधली उष्णता. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली की रोध पावणेदोन पटीच्या वर जातो आणि अँप्लीचा व्होल्टेज तेवढाच असूनही स्पीकर निम्म्याहून थोडीच जास्त पॉवर घेतो. मिरवणूक रंगात आली की बेस ‘बसल्यासारखा’ वाटतो तो यामुळे. तेव्हा ऑपरेटर फेडर (आवाज वाढवायची सरकती कळ) आणखी वर ढकलतो आणि कॉइल जळते! इथे मात्र २१च्या पारड्यात माप टाकायलाच हवं: त्याची कॉइल १५२ मिलिमीटरची, १८ची ११५ची, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभाग जास्त. पण दोन १८मध्ये तीच पॉवर दोन कॉइलांत वाटली जाते, हे त्या मजकुरात कुठेच नाही.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टेजवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो ते, वाचतानाही ओहम बघा. २.८३ व्होल्टवर ८ ओहमचा ड्रायव्हर १ वॅट घेतो, ४ ओहमचा २ वॅट. त्या ४ ओहमवाल्याचे ३ डेसिबल फुकटचे आहेत, ते वजा करूनच तुलना करा.

राहिला खोल बेस. तो नुसत्या कोनच्या इंचांवर ठरत नाही, बॉक्सचं आकारमान आणि पोर्टचं (बॉक्सला हवेसाठी ठेवलेल्या तोंडाचं) ट्युनिंग, म्हणजे ते कोणत्या हर्ट्झला घुमतं, हे त्यात तितकंच महत्त्वाचं. ४० हर्ट्झला ट्यून केलेल्या बॉक्समध्ये २१ टाकला म्हणून तो ३० हर्ट्झ जोमाने वाजवणार नाही. उलट ट्युनिंगच्या खाली पोर्ट कोनला आधार देत नाही, कोन सैरावैरा हलतो आणि स्पायडर (कोनला मागून धरून ठेवणारी लवचीक चकती) फाटतो. त्यामुळे १८ असो वा २१, प्रोसेसरमध्ये हाय-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज अडवणारा) ट्युनिंगच्या जरा खाली लावल्याशिवाय अँप्ली चालू करू नका.