प्रतिक्रियेला उत्तर: चॅलेंजर आणि न काढलेले सोळा ठिपके

नमस्कार. तुमचा आक्षेप असा की, १९८६ मध्ये उड्डाणानंतर लगेच नष्ट झालेल्या चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या आधी, बूस्टर रॉकेटच्या सांध्यांतल्या ओ-रिंगला (फट बंद ठेवणाऱ्या रबरी कडीला) इजा झालेली सात उड्डाणं आलेखावर तापमानासमोर मांडली तर थंडीचा संबंध दिसतच नाही. त्यामुळे थंडीतही उड्डाणाला होकार देणाऱ्या व्यवस्थापकांना दोष देणं हे पश्चातबुद्धीचं शहाणपण आहे.

त्या सात ठिपक्यांपुरतं तुमचं बरोबर आहे. ५३ अंश फॅरनहाइटला तीन ठिकाणी इजा झाली होती, पण ७५ अंशांनाही दोन ठिकाणी झालीच होती. मधले पाचही ठिपके एकेका इजेचे. यातून काही निष्कर्ष निघत नाही.

पण माझा मुद्दा नेमका तिथंच आहे. प्रश्न ‘इजा केव्हा होते’ हा असेल, तर इजा न झालेली उड्डाणं वगळून कसं चालेल? तोवर २४ उड्डाणं झाली होती. एकाचे बूस्टर समुद्रात बुडाले. उरलेल्या २३ पैकी १६ उड्डाणांत सांध्यांच्या ओ-रिंगना काहीच झालं नव्हतं. हे सोळा ठिपके शून्याच्या रेषेवर मांडून बघा. सगळे ६६ अंश किंवा त्याहून वर येतात. ६५ अंशांखालच्या चारही उड्डाणांत इजा आहे. वरच्या १९ पैकी फक्त तीनमध्ये. ही माहिती उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ लाही, हाताशी होती, म्हणून मी तिला पश्चातबुद्धी म्हणत नाही. पुढे चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगानंही हीच त्रुटी दाखवली.

‘सहसंबंध म्हणजे कारण नव्हे’ हे तुमचं दुसरं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. इथं मात्र कारण ठिपक्यांच्या बाहेर, रबरात आहे. थंडीत रबर ताठरतं, दाबलेली कडी चटकन मूळ आकारात येत नाही आणि सांध्यातली फट उघडी राहते. आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी सुनावणीत बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून हेच दाखवलं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: पूर्ण आलेखावरून तरी ३० अंशांच्या आसपास, म्हणजे चॅलेंजरच्या उड्डाणावेळच्या थंडीत, काय होईल, हे सांगता आलं असतं का? खात्रीनं नाही. सर्वांत थंड ठिपका ५३ चा. त्याच्या डावीकडे कोरा कागद. तिथवर रेघ ओढणं धाडसाचंच. पण माहिती नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ कसा काढायचा? बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी त्या रात्री आधी ‘५३ अंशांखाली उड्डाण नको’ असंच सुचवलं होतं. ती शिफारस कंपनीच्या वरिष्ठांनी फिरवली, आणि या निर्णयाचं समर्थन मला करता येत नाही.