‘पार्ट मिळत नाहीत, डिझेल टाका’: महायुद्धातल्या जीपला मारणारा सल्ला

जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. १९४१ ते १९४५ मधल्या विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू जीपचे पार्ट आता मिळत नाहीत. महिंद्राचे मात्र जसेच्या तसे बसतात. ब्लॉकला तडा गेला की इंजिन संपलं. सहा व्होल्टची वायरिंग बिनकामाची. तेव्हा डिझेल इंजिन टाका आणि जुनं भंगारात द्या. या सल्ल्यापायी दुरुस्त होऊ शकणारी इंजिनं वजनावर विकली जातात, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

पार्ट मिळत नाहीत, हे खरं नाही. अमेरिकी सैन्याच्या कागदोपत्री ही जीप म्हणजे पाव टनी ट्रक. तिच्या सुट्या भागांची यादी जी-५०३ या क्रमांकाखाली छापली गेली आणि तिच्या प्रती आजही मिळतात. सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या, त्यामुळे अमेरिकेत आणि युरोपात तिचे पार्ट आजही नव्याने बनतात. फिलिपिन्समध्ये तर आख्खी बॉडी घडवून मिळते. शिवाय बरेचसे पार्ट मुळात ‘जीपचे’ नाहीतच. दुकानात जाऊन ‘विलीजचं बेअरिंग द्या’ म्हणालात तर दुकानदार मान हलवणार. पुढच्या चाकाच्या बेअरिंगवर कोरलेला १८५९० हा नंबर सांगा, की ते काउंटरवर येतं. ऑइल सीलचंही तेच. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून न्या. जुन्या चामडी सीलच्या जागी त्याच मापाचं रबरी सील बसतं.

महिंद्राचं सगळं जसंच्या तसं बसतं, हा मुद्दा सर्वांत घातक, कारण तो अर्धा खरा आहे. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा घराणं एकच. इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३ १/८ इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ४ ३/८ इंच. पुढे सीजे-३बी या नागरी जीपमध्ये हेड बदललं, पण ही मापं तीच राहिली. म्हणून पिस्टन, रिंगा, बेअरिंग शेल आणि वॉटर पंप यांसाठी आपल्याकडचा जुना साठा जरूर धुंडाळावा. पुण्याचा जुना बाजार असो वा कुर्ल्याची भंगाराची दुकानं, तिथे माप घ्यायला खिशात व्हर्नियर हवाच.

पण त्यापुढे वाटा वेगळ्या होतात. युद्धकाळातला गिअरबॉक्स टी-८४, नंतरचा टी-९०. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी, दोन्हींत स्पायसर १८, पण एमबीत इंटरमिजिएट शाफ्ट ३/४ इंच जाड आणि नंतरच्या गाड्यांत त्याहून जाड. केसची भोकंच वेगळी. फ्लायव्हीलच्या रिंगला एमबीत ९७ दाते, पुढे ती संख्या वाढली. चुकीचा स्टार्टर लावलात तर दाते खरवडले जातात. आणि मागचा अॅक्सल! एमबीचा रेशो (गिअरचं प्रमाण) ४.८८, सीजेचा ५.३८. फक्त मागचा बदलून पुढचा तसाच ठेवला आणि फोर व्हील लावली, तर दोन्ही अॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचे दाते जातात. असं झालं की ‘जुनी गाडी कमजोर’ म्हणून दोष जीपवर येतो. तो दोष जुळणी करणाऱ्याचा आहे.

ब्लॉकबद्दलचं म्हणणं तर मला अजिबात पटत नाही. बीडाच्या ब्लॉकला गेलेला तडा थंड पद्धतीने शिवता येतो: तड्याच्या रेषेवर एकात एक अडकणारी भोकं पाडून त्यांत आटेदार खुंट्या बसवतात आणि वरून घासून सपाट करतात. घाईने मारलेल्या वेल्डिंगमुळे मात्र तडा वाढतो. सिलिंडर झिजला असेल तर वीस, तीस, चाळीस, साठ साइजपर्यंत (म्हणजे इंचाचे तितके हजारांश जास्त) बोअर मारता येतो. त्याहीपलीकडे गेला तर आत स्लीव्ह (पातळ नळी) घालून पुन्हा मूळ मापावर येता येतं. क्रँक ग्राइंड करून त्या मापाचे शेल घालायचे. ब्रेकच्या गंजलेल्या व्हील सिलिंडरला पितळी किंवा स्टीलची स्लीव्ह बसते. एखादं हाउसिंग खरोखरच फुटलं, तर कोल्हापूरच्या फाउंड्रीपट्ट्यात वाळूच्या साच्यात एकच नग ओतून देणारा कारागीर शोधता येतो. नमुना देताना मूळ तुकडा जोडून द्या आणि आकसण्याची सूट धरायला सांगा. आटे इंची आहेत, हेही आधीच बजावा. मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून घातला की भोकातले आटे बिघडतात. आणि एमबीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात.

सहा व्होल्टला उगाच नावं ठेवतात. व्होल्टेज निम्मं म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट करंट, म्हणून जाड तांब्याची केबल आणि स्वच्छ अर्थिंग लागतं. बारा व्होल्टची बारीक केबल लावली की स्टार्टर दमतो, एवढंच.

हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने फ्युएल पंपाचा जुना डायफ्रॅम फुगतो, ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम बसवणं हा आहे. त्यासाठी इंजिन काढावं लागत नाही.

आता डिझेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे डिझेल टाकलं की ती वाट बंद. हे त्या मजकुरात कुणीच लिहीत नाही.

ज्यांनी डिझेल आधीच बसवलं आहे त्यांनी निदान मूळ इंजिन, टी-८४ आणि ट्रान्सफर केस किलोवर विकू नये. ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा, सिलिंडरांत तेल सोडा, सगळी तोंडं बंद करा, प्रत्येक भागाला जी-५०३ मधल्या क्रमांकाची चिठ्ठी बांधा आणि लाकडी फळीवर, ओल लागणार नाही अशा जागी ठेवा.