पाटीवरचे दोनच भाव

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्स गावाजवळ, मी गेली अकरा वर्षं राहते. कामावर जाताना वाटेत धान्याचं एक एलेव्हेटर लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर भलीथोरली आडत. बाहेर पाटी आहे आणि तिच्यावर दोनच भाव असतात, मका आणि सोयाबीन. ऑक्टोबरात ट्रकांची रांग लागते. ट्रक काट्यावर चढतो, वरून नळी खुपसून नमुना ओढतात, ओलावा बघतात आणि ड्रायव्हरला सांगतात, माल पहिल्या खड्ड्यात ओतायचा की दुसऱ्या. तिसरा खड्डा नाहीच. कोणी ट्रकभर ओट्स घेऊन आला तर त्याला काट्यावरूनच माघारी जावं लागेल.

घरच्या ग्रुपवर वाद पेटला की मला ही पाटी आठवते. आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाणी शिरलं तेव्हा काढणीला आलेलं सोयाबीन डोळ्यांदेखत कुजलं. जे वाचलं त्याला क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव कागदावर होता आणि आडतीवर चार-साडेचार हजारांची बोली. मग नेहमीप्रमाणे ग्रुपवर भाषणांच्या क्लिपा फिरू लागल्या की शेतकऱ्यांनी आता पीकपद्धत बदलली पाहिजे. मीही एक लेख पुढे ढकलला. चुलतभावाचा लगेच फोन आला. "बाई, तू तिकडनं शिकवू नको. तुझ्या तिथले शहाणे काय पेरतात, तेवढं सांग."

दादाचा प्रश्न वर्मी लागला. कारण माझ्या तिथले शहाणे दोनच पिकं पेरतात.

साडेतीन कोटी एकरांच्या या राज्यात सव्वादोन कोटींहून जास्त एकरांवर नुसता मका आणि सोयाबीन असतं. १९५० च्या सुमारास इथे पन्नास लाखांहून जास्त एकर ओट्स होते, सोबत लसूणघास, क्लोव्हर (हेही घासासारखं चाऱ्याचं पीक), दारात गुरं. आता ओट्सचा पेरा लाख-दीड लाख एकरांवर आलाय. सीडर रॅपिड्सला ओट्सची प्रचंड गिरणी आहे, तिच्या अवतीभवती जगातली उत्तम काळी माती, आणि गिरणीत ओट्स येतात ते बहुतेक कॅनडातून!

बरं, यांना माहिती नाही म्हणावं तर तसंही नाही. एम्सच्याच विद्यापीठाच्या मार्सडेन फार्मवर २००१-०२ पासून एक प्रयोग चालू आहे. एका तुकड्यात मका-सोयाबीन, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला ओट्स आणि क्लोव्हर, तिसऱ्यात चौथ्या वर्षी लसूणघासही. तीन-चार वर्षांच्या या फेरपालटीत रासायनिक नत्र आणि तणनाशक कितीतरी कमी लागलं, मक्या-सोयाबीनचा उतारा घटला नाही, उलट थोडा वाढला, आणि नफा जवळपास तेवढाच राहिला. अंगमेहनत मात्र जास्त. निकाल २०१२ मध्ये छापून आले. त्यानंतरही आमच्या वाटेवरच्या शेतांत काही बदललं नाही. खताचं नत्र पावसाबरोबर नदीत जातं. २०२५ च्या जूनमध्ये राजधानी डी मॉइन आणि आसपासच्या गावांना अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी झाली, कारण नदीच्या पाण्यात उतरलेलं हे नत्र (नायट्रेट) मर्यादेत आणून सगळ्यांना पुरवणं जलशुद्धीकरणाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागलं होतं. नद्या तुडुंब आणि नळावर बंदी. दुष्काळातल्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं मला माहीत आहे, पण हा प्रकार मला नवा होता.

मग इथला शेतकरी बदलत का नाही? राज्यातल्या निम्म्याहून जास्त मक्याचं इथेनॉल होतं. पीकविम्याच्या हप्त्यात सरासरी ६० टक्क्यांहून जास्त वाटा सरकारचा. बँक, यंत्रं, साठवण, सगळं या दोन पिकांभोवती बेतलेलं. हजार एकरांचा मालकही इथे पाटी बघूनच पेरतो, तर पाच एकरांच्या दादाला 'धाडस करा' म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण एक फरक आहे, आणि तो आपल्याकडच्या वादात मला कुठे दिसत नाही. महाराष्ट्रात सोयाबीन पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास असतं. म्हणजे क्षेत्रात आपण आयोवाच्याही पुढे गेलो. (उताऱ्याचं विचारू नका. इथे एकरी सोळा क्विंटल, आपल्याकडे चार-पाच.) तरी लातूरच्या मोंढ्यात अजून तूर, हरभरा, मूग, उडीद, ज्वारी, गहू असे वेगवेगळे ढीग पडतात. मूठभर दाणे तळहातावर घेऊन भाव सांगणारे खरेदीदार आहेत, डाळमिल आहेत. आयोवात नेमकं हेच मोडलं. ओट्स घेणारा गावोगावचा खरेदीदार गेला आणि पीकही गेलं.

आपल्याकडे ते होतंय करडईचं. माझ्या लहानपणी ज्वारीच्या कडेने करडई असायचीच, काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. खोल मुळं, रब्बीच्या ओलीवर येणारं पीक. काढायला बाया हाताला फडकी गुंडाळून पहाटे जायच्या, दवाने काटे मऊ असतात म्हणून. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्यांचं वाणही काढलं. पण स्वस्त पामतेल आलं, घाणे बंद पडले आणि घाण्यांमागून करडई गेली. वाण होतं, विकायचं कुठे हा प्रश्न होता.

म्हणून मला सल्ला शेतकऱ्याला द्यायचा नाही, सरकारच्या खरेदीखात्याला द्यायचाय. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ज्वारी-बाजरीसारखं भरडधान्य १ रुपया किलोने लिहिलं होतं, रेशनच्या पोत्यात बहुतेक गहू-तांदूळच आला. एकीकडे डाळी पेरा म्हणायचं आणि दुसरीकडे २०२१ पासून तुरीच्या शुल्कमुक्त आयातीची मुदत वाढवत न्यायची, हेही एकाच तोंडाने. आश्रमशाळा, वसतिगृहं, शालेय पोषण आहार यांना ज्वारी, तूर, करडईचं तेल किती लागणार आणि काय भावाने घेणार, हे पेरणीच्या आधी, मे महिन्यात जाहीर करा. त्यात सगळा पेरा बदलणार नाही. पण आडतीवरचा ढीग मोडणार नाही.

हे सगळं दादाला सांगितलं. तो हिशोबाला बसला. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत मोकळं, मळणीयंत्र दारात येतं, आडत्या आधी उचल देतो. ज्वारीला पाखरं राखायची, काढायला माणसं नाहीत, कडब्याला भाव आहे पण दावणीला जनावर नाही. "तरी दोन एकर करतो," म्हणाला. "करडई बी टाकतो कडेनं. फक्त तेल काढून देणारा घाणा कुठं चालू आहे, तेवढा शोधून दे."

तीन दिवस फोन करतेय. औशात अजून सापडलेला नाही. निलंग्याकडे एक आहे म्हणतात.