पोलिओच्या डोसानं मेंदूचा कॅन्सर जात नाही

आमच्या भावकीच्या ग्रुपवर चौघांनी एकच मेसेज टाकलाय: ‘पोलिओच्या डोसानं मेंदूचा कॅन्सर बरा होतो. जपानात तर इंजेक्शनच निघालंय. ऑपरेशन, शेक ही नुसती डॉक्टरांची कमाई. शेक बंद करा.’ माझ्या मावसभावाला ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्यानं वाढणारा कॅन्सर आहे. परभणीहून येऊन मावशी त्याच्यासोबत संभाजीनगरला खोली घेऊन राहिलीय. तीसपैकी अकरा शेक, म्हणजे रेडिएशनचे डोस झाले, आणि हा मेसेज वाचून बाराव्याला ती त्याला न्यायलाच तयार नव्हती.

पोलिओचं आधी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं लसीतलाच विषाणू घेतला हे खरं. पण त्याचा एक तुकडा काढून तिथं सर्दीच्या विषाणूचा बसवला, आणि कवटीला भोक पाडून, बारीक नळीनं, साडेसहा तास थेट गाठीत सोडला. बूथवरचे दोन थेंब पोटात जातात, गाठीपर्यंत पोचत नाहीत. 2018 साली निकाल आले: गाठ पुन्हा उलटलेल्या 61 रुग्णांपैकी तीन वर्षांनी सुमारे 21 टक्के हयात होते, हा विषाणू न मिळालेल्या पूर्वीच्या तशाच रुग्णांत 4 टक्के. हा फरक मोठा आहे, मलाही त्याची आशा वाटते. पण निम्मे रुग्ण साधारण वर्षभरातच गेले. याला ‘बरा होतो’ म्हणत नाहीत.

जपानचं इंजेक्शनही खरं आहे. नागिणीच्या जातभाईचा, म्हणजे ओठावर पुरळ आणणाऱ्या हर्पिसचा विषाणू त्यात बदलून वापरलाय. निरोगी पेशी त्याला रोखते. गाठीच्या पेशीत तो वाढतो, ती फोडतो आणि शरीराची प्रतिकारशक्तीही जागी करतो. जून 2021 मध्ये मान्यता मिळाली ती सशर्त आणि ठरावीक मुदतीची, अवघ्या 19 रुग्णांवरच्या चाचणीवरून. आणि मेसेजवाल्यांनी नेमकं हेच गाळलंय: त्या सगळ्यांनी शेक आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या आधीच घेतल्या होत्या. शेक टाळून कुणालाही विषाणू दिला नव्हता.

कमाईचं म्हणाल, तर कॅन्सरचे शेक महात्मा फुले योजनेत बसतात. 2005 च्या मोठ्या चाचणीत नुसत्या शेकावर दोन वर्षं जगणारे 10 टक्के होते. गोळ्या जोडल्यावर 26 झाले. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते.

शेकाच्या वेळी भावाच्या चेहऱ्यावर पांढरा जाळीदार मुखवटा घट्ट बसवतात, डोकं तसूभरही हलू नये म्हणून. काढला की गालावर जाळीचे चौकोन उमटलेले असतात आणि मावशी ते पदरानं पुसत बसते. बारावा शेक दोन दिवस उशिरा झाला. ज्या चौघांनी मेसेज टाकला त्यांनी तो आजच काढावा, आणि मावशीला स्वतः फोन करून सांगावं.