पंखा बंद पडला की आधी नवा पंखा मागवावा

शनिवारी संध्याकाळी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवरून भाजी घेऊन परतताना तुमच्या जुन्या पोर्शे बॉक्स्टरच्या तापमानाच्या काट्यापाशी लाल दिवा लुकलुकायला लागला, तर पहिलं काम म्हणजे रेडिओचा आवाज वाढवणं. दिवा एकच आहे, निरोप मात्र तीन: पाणी कमी आहे, पाणी तापलंय, किंवा इंजिनाच्या कप्प्यातला पंखा फिरत नाही. कुठल्या निरोपाला दिवा नुसता लागतो आणि कुठल्याला मिचकावतो, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. पण पुस्तक वाचून निर्णय घेणारा माणूस पन्नाशीत, दोन मुलं घरात असताना, दोन सीटची गाडी घेतो का?

मंडळाच्या मित्रांना मात्र बोलवाच. "बघू तरी इंजिन" असं ते म्हणणार. तुम्ही ऐटीत पुढचं झाकण उघडायचं. आत डिकी. मग मागचं उघडायचं. आत आणखी एक डिकी, तेल आणि पाणी ओतायची दोन तोंडं, आणि मागच्या खेपेची कोथिंबीर. इंजिन आहे सीटच्या मागे, कापडी टपाखाली. तिथे पोचायला टप अर्धवट उचलून अडकवायचा, गालिचा काढायचा, झाकणाचे खटके सोडवायचे. एवढं होईस्तोवर मित्र चहाला आत गेलेले असतात.

आता निदान. एसी लावा. पुढच्या बाजूला घरघर ऐकू येईल. "पंखा तर चालू आहे!" असं जाहीर करून मोकळे व्हा. ते पंखे पुढच्या दोन चाकांच्या पुढे बसवलेल्या दोन रेडिएटरांचे आहेत, आणि एसी लावला की ते फिरणारच. तुमच्या रुसलेल्या पंख्याशी त्यांचा संबंध चुलत चुलत भावाइतका. तो बसलाय दाराच्या मागच्या उजव्या जाळीमागे. डाव्या जाळीतून इंजिन श्वास घेतं, उजवीतून हा कप्प्यात वारा घालतो. पण तीन पंख्यांपैकी दोन फिरताहेत, म्हणजे सहासष्ट टक्के. आपल्या वेळी याला फर्स्ट क्लास म्हणायचे.

शिवाय पंखा हवाच कशाला? १९९६ साली ही गाडी आली ती २.५ लिटरचं इंजिन आणि ताशी २४० किलोमीटरचा वेग घेऊन. त्या वेगाला वाऱ्याची काय कमी! पंखा लागतो तो डोशाच्या हॉटेलसमोर पार्किंग शोधताना. आणि त्याहून जास्त, गाडी बंद केल्यावर. किल्ली काढली की पाण्याचा पंप थांबतो, वारा थांबतो, आणि इंजिनाच्या धातूत मुरलेली उष्णता त्या बंद पेटीत बाहेर पडत राहते. आसपासचं रबर, प्लास्टिक, वायरी सगळं निमूट शेकत बसतं. म्हणून किल्ली तुमच्या खिशात असतानाही हा पंखा आपल्या मर्जीने सुरू होऊ शकतो. तेव्हा गरम गाडीत हात घालून पातं ढकलून बघायला हरकत नाही. बोटं दहा आहेत.

फ्यूज बघू नये. तो ड्रायव्हरच्या पायाशी डाव्या बाजूला, एका झाकणामागे आहे. बघायला दोन मिनिटं लागतात आणि काही खर्च येत नाही. असल्या फुकट गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? बघितलाच आणि तो उडालेला निघाला, तर वाड्यातल्या काकांना स्मरून जास्त अँपिअरचा घाला. काकांनी मीटरच्या फ्यूजला जाड तार गुंडाळली होती. फ्यूज पुन्हा उडाला नाही. नंतर मीटरच जळाला, ही गोष्ट वेगळी.

पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा खटका, म्हणजे रिले, त्याचंही तेच. शेजारचा त्याच नंबरचा रिले काढून इथे लावून बघणं हा पोरखेळ झाला. पंख्याला थेट बॅटरीवरून बारा व्होल्ट देऊन बघणं तर त्याहून बाळबोध: फिरला तर मोटर चांगली, नाही तर खराब. इतक्या सरळ उत्तराने शनिवार-रविवार कसा भरायचा? त्यापेक्षा सरळ नवा पंखा मागवा. सोबत कप्प्याचं तापमान ओळखणारा सेन्सर मागवा. सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो की नाही, हे गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून मल्टिमीटरवर बघता येतं, पण ओट्यावर गाडीचे भाग दिसले की घरात वेगळंच काही तापतं.

मल्टिमीटर वापरायचाच असेल तर पंख्याचा प्लग काढून त्यात खुपसा. बारा व्होल्ट दिसले की "करंट येतोय, पंखाच गेला" असा निकाल द्या. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे न्यू जर्सीच्या दहा-वीस हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ खाऊन हिरव्या झालेल्या पिनेतूनही तो ऐटीत बारा दाखवतो. तिथे हेडलाइटचा बल्ब लावला असता तर तो मिणमिणला असता आणि सगळं कळलं असतं. म्हणूनच बल्ब लावायचा नाही.

नवा पंखा आला, बसवला, टप जागेवर आला. पुढच्या शनिवारी ओक ट्री रोडवर दिवा पुन्हा लुकलुकला. आता मेकॅनिककडे जा. तो प्लग ओढेल, हिरवी पिन तुमच्या नाकासमोर धरेल, पितळी ब्रशने घासेल, आणि तासाभराची मजुरी लावेल.

जुना पंखा फेकू नका. बॅटरीला जोडून बघा, झकास फिरतो. ऑगस्टमध्ये मागच्या अंगणात कणसं भाजताना कोळशांना वारा घालायला याच्यासारखा पंखा नाही.